डावं पुढचं चाक : घरच्या घरी अलाइनमेंट तपासल्याच्या नोंदी

गाडी : २०१३ ची स्विफ्ट, पेट्रोल. टायर १६५/८० आर १४. रोजची धाव कऱ्हाड ते पाटणजवळची शाळा, जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर.

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल गणपती गेले. दहा दिवस पुढे ढकललेलं काम आज हातात घेतलं.

जुलैत मल्हारपेठच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावं पुढचं चाक धाडकन आदळलं होतं. रिम वाकली नाही, टायर फुटला नाही, पण त्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढते. सरळ जायचं तर स्टेअरिंग थोडं उजवीकडे वळवून धरावं लागतं. ऑगस्टमध्ये दोनदा अलाइनमेंट करून आणली. दोन्ही वेळा हातात छापील कागद आला आणि त्यावर पुढच्या चाकांचा एकूण टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) हिरव्या चौकटीत होता. पहिल्या वेळी ओढ तशीच राहिली. दुसऱ्या वेळी तक्रार केली तेव्हा खाली जाऊन पुन्हा काहीतरी फिरवलं आणि ‘आता चालवून बघा, टायर सेट होतील’ असं सांगितलं. टायर सेट झाले नाहीत, झिजले.

आज व्हर्नियरच्या मागच्या काडीने नक्षीची खोली मोजली. डावा पुढचा टायर : बाहेरच्या कडेला ४.१ मिमी, मध्ये ५.६, आतल्या बाजूला ५.४. उजवा : ५.५, ५.७, ५.५. कायद्याची मर्यादा १.६ मिमीची असल्यामुळे टायर अजून चालेल, पण खड्ड्यानंतरच्या अडीच-तीन हजार किलोमीटरमध्ये एकाच कडेचं एवढं रबर जाणं बरोबर नाही.

मग तळहात फिरवून पाहिला. ही तपासणी कुणालाही जमते. नक्षीवरून हात आडवा फिरवायचा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं की टायर रस्त्यावर नुसता फिरत नाही, घासत चाललाय. आतून बाहेर जाताना टोचलं तर चाकं पुढून एकमेकांकडे वळलेली, म्हणजे टो-इन. बाहेरून आत येताना टोचलं तर पुढून फाकलेली, म्हणजे टो-आउट. आमच्या डाव्या टायरवर बाहेरून आत येताना टोचतं, चांगलं स्पष्ट. कागद मात्र टो शून्य म्हणतो.

दोन्ही खरं कसं असेल, हे कळेपर्यंत एकही नट फिरवायचा नाही असं ठरवलं.

९ सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळ

ओढण्याची साधी कारणं आधी संपवायची. चारही टायरची हवा थंड असताना पाहिली, ३१ वर सारखी केली. शाळेतून आल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात धरला, उष्णता सारखीच. ब्रेक एका बाजूला चिकटून राहत असता तर ती रिम तापली असती. जॅकवर घेऊन चाकं हाताने फिरवली, दोन्ही मोकळी.

मग पुढचे टायर आपसात बदलले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. काही टायरमध्येच अशी खोट असते की ते शंकूसारखे एका बाजूला धावतात. तसं असतं तर टायरबरोबर ओढही बाजू बदलते.

राहिला रस्ता. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे चांगली गाडीही हात सोडला की हळूहळू डावीकडे सरकते. रस्त्यावर केलेल्या चाचणीवर त्यामुळे माझा भरवसा नाही. जवळच्या साखर कारखान्याचं ऊसगाड्या उभ्या करायचं आवार गाळप सुरू होईपर्यंत रिकामं असतं. वॉचमनला विचारून तिथे गेलो. पूर्वेकडून पश्चिमेकडे ताशी ३० ने चालवली, मग तीच रेघ धरून उलट. दोन्ही वेळा डावीकडेच. म्हणजे जमिनीचा उतार नाही आणि टायरही नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज मापाचा दिवस. सकाळी सात ते दुपारी दोन.

अण्णांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. आता गुडघ्यांमुळे घरीच असतात, पण त्यांची पेटी जागेवर आहे : थापी, गुण्या, लाइनदोरी, पितळी ओळंबा, पाण्याची नळी. मी मोबाइलमध्ये कोन दाखवणारं ॲप उघडून चाकाला टेकवत होतो आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता. अण्णा ओट्यावरून थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आरं, भुई सपाट हाय का ते तरी बघितलंस का?”

नव्हती. पाण्याची नळी चारही चाकांच्या जागी धरली. पुढच्या डाव्या चाकाची जागा उजव्यापेक्षा ९ मिमी खाली निघाली, मागच्या दोन्ही जवळजवळ सारख्या. पोर्चमधलं पाणी बागेकडे जावं म्हणून अण्णांनीच ठेवलेला उतार तो. डाव्या चाकाखाली ९ मिमी जाडीच्या टाइलचा तुकडा ठेवला. पुढच्या दोन्ही चाकांखाली खताच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्यांच्या दुहेरी घड्या घातल्या. टायर जमिनीला घट्ट धरून बसला तर चाक आपल्या खऱ्या जागी येत नाही, घडीवर ते थोडं सरकून मोकळं होतं.

स्टेअरिंग सरळ म्हणजे नक्की कुठे, हेही ठरवावं लागतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मोजल्या, बरोबर निम्म्यावर आणलं आणि स्टेअरिंगच्या वरच्या कडेला चिकटपट्टीची खूण केली. स्टेअरिंगच्या दांड्या तिथे सरळच होत्या. हे बरं झालं. वाकडं दिसू नये म्हणून स्टेअरिंगच काढून एक-दोन दाते फिरवून बसवणारेही असतात, इथे तसं केलेलं नाही. स्टेअरिंग सुतळीने सीटला बांधलं.

आता दोऱ्या. दोन मीटरच्या दोन पीव्हीसी पाईप घेतल्या आणि दोन्हींवर १,९०० मिमी अंतराने हॅकसॉ ब्लेडने खाचा केल्या. खाचांमधलं अंतर दोन्ही पाईपवर सारखंच हवं, सगळा हिशेब त्यावर आहे. एक पाईप गाडीच्या पुढे आणि एक मागे, विटांवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला. डाव्या खाचेतून डाव्या खाचेत आणि उजवीतून उजवीत लाइनदोरी ताणली. खाचा सारख्या, म्हणून दोऱ्या एकमेकींना समांतर. मग पाईप सरकवत दोरीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर पुढे डावीकडे आणि उजवीकडे सारखं केलं, तसंच मागे. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळायलाच हवं असं नाही, कारण पुढच्या दोन चाकांमधली रुंदी आणि मागच्या दोन चाकांमधली रुंदी वेगळी असते. मी आधी चारही ठिकाणी एकच आकडा आणायला बसलो होतो, त्यात अर्धा तास गेला.

रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतची मापं, प्रत्येकी तीनदा घेऊन :

डावं चाक : पुढे ११२, मागे ११६. पुढून ४ मिमी बाहेर.
उजवं चाक : पुढे ११८, मागे ११४. पुढून ४ मिमी आत.

एका बाजूला ४ बाहेर, दुसऱ्या बाजूला ४ आत, बेरीज शून्य. कागद खोटं बोलत नव्हता. एकूण टो खरंच शून्य आहे. फक्त स्टेअरिंग सरळ असताना दोन्ही चाकं मिळून डावीकडे बघतायत. काम करताना स्टेअरिंग सरळ धरलं नसणार. वाकड्या स्टेअरिंगचं उत्तर मिळालं.

ओढीचं मात्र नाही. स्टेअरिंग उजवीकडे धरून चाकं सरळ केल्यावर गाडी सरळ चालत राहायला हवी, ती सतत हाताला ओढून धरते.

मग ओळंबा काढला. गोळ्याच्या वरचा लाकडी गुटका घासून घासून काळा झालाय, पण दोरी अण्णांनी मागच्याच वर्षी बदलली आहे. फेंडरच्या कडेला गुटका टेकवला, गोळा जमिनीपासून बोटभर वर ठेवला आणि डोलायचा थांबेपर्यंत वाट बघितली. वारा होता, शेजारचं पोर प्लायचा तुकडा धरून आडोसा करत उभं राहिलं. रिमची वरची आणि खालची कड दोरीपासून किती दूर आहे ते मोजलं. उजवं चाक वरून १ मिमी आत कललेलं. डावं चाक वरून १ मिमी बाहेर. फरक २ मिमी. रिमच्या कडेची उंची साधारण ३८५ मिमी, म्हणजे एक मिमीला जवळपास ९ मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं) आणि दोन मिमीला ०.३ अंश. या कलण्यालाच कॅम्बर म्हणतात. ज्या बाजूचं चाक वरून जास्त बाहेर कललेलं, त्या बाजूला गाडी ओढते. दिशा जुळली. पण एवढ्याशा फरकाने एवढी ओढ?

शेवटचं माप अण्णांनी सुचवलं. खोलीचा काटकोन बघताना ते आधी समोरासमोरच्या भिंती सारख्या लांबीच्या आहेत का ते बघायचे. “चारी चाकांचं बी बघ की.” ओळंबा चाकांच्या मध्यावरून खाली सोडला, फरशीवर खडूने टिंबं काढली आणि पुढच्या टिंबापासून मागच्या टिंबापर्यंत स्टीलचा टेप ताणला.

उजवीकडे २,४३० मिमी. कंपनीचा आकडाही तोच आहे.
डावीकडे २,४२२ मिमी.

तीनदा मोजलं, टेपची टोकं बदलून मोजलं. डावं पुढचं चाक ८ मिमी मागे गेलंय.

१५ सप्टेंबर, सोमवार, रात्र

शाळेतून आल्यावर कागदावर मांडलं. स्विफ्टचं पुढचं चाक वर स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) आणि खाली लोअर आर्मला (चाक खालून धरणारा आडवा लोखंडी हात) धरलेलं असतं. स्ट्रटचं वरचं टोक बॉडीत पक्कं बसलेलं, खालचं टोक ८ मिमी मागे गेलं, दोन्हींमध्ये साधारण ६०० मिमी अंतर. म्हणजे स्टेअरिंग ज्या अक्षावर फिरतं त्याचा मागचा कल पाऊण अंशाने कमी झाला. हा कास्टर. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो म्हणून ती हात सोडूनही सरळ जाते, तेच काम गाडीत हा कल करतो. एका बाजूचा कल कमी झाला की गाडी त्या बाजूला जाते. कॅम्बर डावीकडे ओढतोय आणि कास्टरही डावीकडेच.

आणि यातलं काहीही टाय रॉड (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी) फिरवून दुरुस्त होत नाही. या गाडीत पुढच्या चाकांना टो सोडून फिरवायला दुसरं काही दिलेलंच नाही. मागचा ॲक्सल तर एकाच बीमचा, तिथे काहीच फिरत नाही. कॅम्बर किंवा कास्टर बिघडला तर त्याचा अर्थ एकच : काहीतरी वाकलंय, फाटलंय किंवा सरकलंय.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “भिंत सुटली असली तर गिलावा जाड करून सरळ दाखवता येती. म्या तसली कामं केली न्हाईत.”

२० सप्टेंबर, शनिवार

अर्धा दिवस शाळा. दुपारी गाडीचा पुढचा भाग उचलला. जॅक फक्त उचलण्यापुरता, नंतर दोन्ही बाजूंना लोखंडी घोडे आणि त्याशिवाय सेंटरिंगचे जाड लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. घरात कितीही घाई असली तरी नाही.

चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवलं, खडखड नाही. म्हणजे टाय रॉडचे एंड ठीक. १२ आणि ६ ला धरून हलवलं, बेअरिंग आणि बॉल जॉइंटही ठीक. मग चाक काढून लोअर आर्मच्या मागच्या बुशला (आर्म बॉडीला जोडणारा रबरी सांधा) पहारीचं टोक लावलं आणि हलका जोर दिला.

बुशचं रबर तोंड उघडल्यासारखं फाकलं. आतली लोखंडी नळी आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये अर्ध्याहून जास्त गोलाईत फाटलेलं होतं आणि फाटीत लाल मातीची पूड बसली होती. इतके आठवडे तिथे चिखल जात राहिलाय. वरून टॉर्च मारून दिसत नाही, गाडी जमिनीवर असताना तर नाहीच. पहार दाबली की पूर्ण आर्म मागे जातो, सोडली की निम्मा परत येतो. चाक पुन्हा बसवून शेजारच्या पोराला पहार दाबायला सांगितली आणि मी दोरीजवळ पट्टी धरली. रिमची पुढची कड ३ मिमी बाहेर उघडली.

तळहाताला लागलेली करवत ती हीच. मशीनवर गाडी उभी असताना टो शून्य, रस्त्यावर ब्रेक आणि खड्डे बसायला लागले की चाक मागे सरकतं आणि फाकतं.

आर्मही तपासला. उजव्या आर्मशेजारी पट्टी लावून तुलना केली, डाव्यात बॉल जॉइंटच्या आधी किंचित बाक आहे.

उद्या सर्वपित्री अमावस्या. अण्णांनी काम नको म्हटलं, मीही आग्रह धरला नाही. या आठवड्यात शाळेला एसटीने जायचं. बुश फाटलेल्या गाडीला रोज ७० किलोमीटर पळवायची नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आर्म आणला. नुसता बुश स्वस्त पडतो, पण तो दाबून बसवायला प्रेस लागते आणि आर्म वाकलेला असताना त्यात नवा बुश घालण्यात अर्थ नाही. बुश आणि बॉल जॉइंटसकट पूर्ण आर्म घेतला. दुकानात जुना शेजारी धरून भोकं जुळवून पाहिली.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस सकाळपासून. पोर्चला छप्पर आहे म्हणून जमलं.

माझा एक जुना विद्यार्थी आता स्वतःचं गॅरेज चालवतो, तो मदतीला आला. दहावीला भूमितीत जेमतेम होता, हातात पाना आला की वेगळाच माणूस. बॉल जॉइंटचा बोल्ट गंजून बसला होता. रात्रीच गंजाचं तेल मारून ठेवलं होतं तरी पाऊण तास लागला. त्याने हातोडी बोल्टवर मारली नाही, नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) कानावर बाजूने ठोकत राहिला आणि जॉइंट आपोआप खाली आला.

नवा आर्म बसल्यावर मी बुशचे बोल्ट आवळायला गेलो तर त्याने हात धरला. “सर, आत्ता पिळू नका. गाडी खाली उतरवू, वजन येऊ दे, मग पिळू.” कारण बरोबर आहे. या बुशमध्ये रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं आणि आर्म वर-खाली होताना ते पिळवटतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर गाडी उभी राहिल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट नुसते लावले, चाकं ठोकळ्यांवर टेकवून पूर्ण वजन आणलं, बंपर धरून तीन-चारदा दाबलं आणि मग खाली शिरून आवळले.

पुन्हा पाण्याची नळी, पुन्हा पाईप, पुन्हा दोऱ्या. खडूची टिंबं पुन्हा काढली : उजवीकडे २,४३०, डावीकडे २,४३१. ओळंबा : दोन्ही चाकं वरून १ मिमी आत. विद्यार्थ्याने टेपवरचा आकडा स्वतः वाकून वाचला आणि म्हणाला, “सर, हे आम्ही कधी मोजतच नाही.”

टो मात्र भयंकर निघाला. डावं चाक पुढून १४ मिमी बाहेर. दोरीकडे न बघताही फाकलेलं दिसत होतं. पाच मिनिटं विचार केल्यावर लक्षात आलं. आर्म वाकल्याने चाकाचं खालचं टोक आत गेलं होतं. ते जुळवून घ्यायला अलाइनमेंटवाल्याने टाय रॉड आखूड केला होता. आता चाक आपल्या जागी परत गेलं आणि आखूड टाय रॉड तिथेच राहिला. वाकलेल्या आर्मचा बाक दोन महिने त्या टाय रॉडने झाकून ठेवला होता.

टाय रॉडच्या लॉक नटच्या बाहेर दिसणारे आटे मोजले. डावीकडे १२, उजवीकडे १७. दोन्हीकडे पान्याच्या ताज्या खुणा. ही मोजणी ऑगस्टमध्येच केली असती तर संशय तेव्हाच आला असता. त्याला एक मिनिट लागतं आणि वायरब्रश सोडून काही लागत नाही.

२८ सप्टेंबर, त्याच दिवशी संध्याकाळ

टाय रॉड फिरवताना तीन गोष्टी पाळल्या. फिरवण्याआधी पांढऱ्या रंगाने रॉड आणि एंड दोन्हींवर मिळून एक रेघ, म्हणजे फेऱ्या चुकत नाहीत. रॅकवरच्या (स्टेअरिंगचा दातेरी दांडा) रबरी बुटाची बाहेरची क्लिप आधी सैल, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळला जाऊन फाटतो आणि रॅकमध्ये पाणी जातं. आणि लॉक नट सोडताना एंडला दुसरा पाना लावून धरायचा, सगळा जोर बॉल जॉइंटवर जाऊ द्यायचा नाही.

आमच्या गाडीत टाय रॉड चाकाच्या मध्यापेक्षा मागे आहे, म्हणून लांब केला की चाकाची मागची बाजू बाहेर जाते आणि पुढची आत येते. एक पूर्ण फेरी फिरवून मोजलं : रिमवर साधारण ४ मिमी. डावीकडे साडेतीन फेऱ्या लागणार असा हिशेब निघाला.

तीन फेऱ्या फिरवल्या, जॅक काढला, मोजलं. २ मिमी बाहेर यायला हवं होतं, आलं ७. हिशेब चुकला असं वाटून आणखी सव्वा फेरी फिरवली. अंधार पडला, तसंच ठेवलं.

२९ सप्टेंबर, सोमवार, पहाटे

झोपेतून उठलो तेव्हा चूक कळलेली होती. जॅकवरून उतरवल्यावर चाक खाली येता येता टायर आत ओढलेल्या अवस्थेत जमिनीला चिकटतो. घडी घातलेल्या पिशव्या काल चिखलात भिजल्या म्हणून काढल्या होत्या, परत घातल्याच नाहीत. गाडी ढकलून थोडी मागे-पुढे केली असती तर सस्पेन्शन बसलं असतं. मी न ढकलता मोजलं.

सहा वाजता मुलीला उठवून ब्रेकवर बसवलं. गाडी तीन मीटर मागे आणि तीन पुढे ढकलली, बंपर दाबला, मोजलं. डावं चाक ३ मिमी आत. म्हणजे कालच्या तीन फेऱ्यांनी खरंच २ बाहेरवर आलं होतं आणि वरची सव्वा फेरी फुकट. अर्ध्या फेरीहून किंचित जास्त मागे घेतली. पुन्हा ढकललं, मोजलं : पाऊण मिमी आत, पट्टीवर दिसतं तेवढं. उजवीकडे रॉड जवळजवळ एक फेरी आखूड केला : तिथेही पाऊण मिमी आत. एकूण दीड मिमी टो-इन, जवळपास १३ मिनिटं.

पुढून ओढणाऱ्या गाडीला टो शून्याच्या आसपासच हवा. मी किंचित आत ठेवला, कारण आमच्या रस्त्यावर ब्रेक सारखा लागतो आणि ब्रेक लागला की चाकं फाकायला बघतात.

लॉक नट आवळले, बूट सरळ करून क्लिपा लावल्या, वायरब्रशने घासून आटे मोजले. डावीकडे १६, उजवीकडे १६.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. अण्णांची पेटी पाटावर मांडली. ओळंबा त्यांनी चिंचेने घासून लखलखीत केला होता, शेजारी माझा टॉर्क रेंच आणि व्हर्नियर. अण्णांनी सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं आणि खाचा केलेल्या पीव्हीसी पाईपही आणायला सांगितल्या. “कामाला आल्यात न्हवं? मग मांड.”

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. गाडीला झेंडूचा हार घालून पुन्हा कारखान्याच्या आवारात गेलो, अण्णा शेजारी बसले. पूर्व-पश्चिम, पश्चिम-पूर्व, दोन्ही वेळा ३० ने. हात स्टेअरिंगपासून बोटभर दूर धरले. शंभरेक पावलांत गाडी हातभर सुद्धा सरकली नाही. स्टेअरिंग सरळ. जोरात ब्रेक मारून पाहिला, नाक एका बाजूला गेलं नाही. अण्णांनी खिडकीतून बाहेर डोकं काढून टायरचा मातीतला माग पाहिला आणि काही बोलले नाहीत. परत येताना रस्ताभर ते कोयनानगरच्या जुन्या कामांबद्दल बोलत होते.

४ ऑक्टोबर, शनिवार

दुसऱ्या एका अलाइनमेंट केंद्रात गेलो, आधीच्या नाही. ‘काही फिरवू नका, फक्त आकडे काढून द्या, पैसे पूर्ण घ्या’ असं आधीच सांगितलं. पुढचा एकूण टो ० अंश ११ मिनिटं आत, डावं-उजवं जवळजवळ समान. दोरीने १३ काढली होती. पट्टीवर अर्धा मिमी म्हणजे साडेचार मिनिटं, तेव्हा याहून जवळ जाण्याची अपेक्षा मी ठेवली नव्हती. कॅम्बर दोन्हीकडे उणे, फरक ३ मिनिटांचा. मशीन उत्तम आहे. त्यावर काम करणाऱ्या मुलाला विचारलं, गाडी घेण्याआधी बुश तपासता का? तो म्हणाला, कुणी सांगितलं तर.

१२ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्यापासून ५६० किलोमीटर. झिजलेला टायर आता उजवीकडे आहे. खोली बाहेर ४.१, मध्ये ५.६, आत ५.४, म्हणजे दहा दिवसांत मोजता येईल असा फरक नाही. करवत हाताला अजून लागते, पण दात बोथट होतायत. लोअर आर्मच्या बोल्टवर रंगाची रेघ मारली होती ती जागची हललेली नाही. टाय रॉडच्या लॉक नटवरचीही नाही.

उजव्या आर्मचा मागचा बुश पहारीने तपासला. फाटलेला नाही, पण कडेला बारीक चिरा आहेत. बारा वर्षांचं रबर. दिवाळीच्या सुट्टीत तोही बदलायचा, आधी आटे मोजून आणि दोऱ्या लावून.

पुढची खोली १५ नोव्हेंबरला.